एकटं पोहायचं नाही



आजचा भाग पोहण्यावर आहे. पण आधीच सांगते, पदकं, ऑलिम्पिक, विक्रम यातलं फारसं काही येणार नाही. मी बोलणार आहे ते तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पोहण्याबद्दल. नोकरी करून, घर सांभाळून, सकाळी सहाच्या बॅचला डोळे चोळत येणाऱ्या माणसांबद्दल. यातली बरीचशी पंचविशी उलटल्यावर शिकलेली असतात, काही तर पन्नाशीत. मागे एका श्रोत्यानं विचारलं होतं, की नोकरीला लागल्यावर नवे मित्र होतात तरी कुठे? तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. माझ्याकडे त्याचं उत्तर एकच आहे: तलावावर.

आपल्याकडे पोहायला शिकायचे दोन रस्ते. गावात विहीर. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, आणि मामानं नाहीतर चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं. चार दिवसांनी डबा सुटायचा, पंधरा दिवसांत पोरगं काठावरून सूर मारायला लागायचं. शहरात उन्हाळी सुट्टीची बॅच. फळी धरून पाय मारा, एकवीस दिवसांत तयार. या दोन्ही रस्त्यांवर मुली कमी. विहिरीवर मुलीला पाणी शेंदायला पाठवत, नदीवर धुणं घेऊन पाठवत, पण पोहायला नाही. म्हणजे बघा, ज्या बायकांचा पाण्याशी रोजचा संबंध, त्यांनाच पोहता येत नाही अशी पिढ्यानपिढ्यांची गंमत. गंमत तरी कशी म्हणायची.

मी स्वतः चोविसाव्या वर्षी शिकले, पुण्यात, पहिली नोकरी लागल्यावर. मोठेपणी शिकणाऱ्याची अडचण हातापायांची नसते, श्वासाची असते. आपण तोंड पाण्यात घातलं की श्वास कोंडून धरतो. कोंडला की आत कार्बन डायऑक्साइड साठतो, छाती भरून आल्यासारखी वाटते, आणि मान वर काढली की सोडायचा आणि घ्यायचा असे दोन्ही श्वास एकदम उरकायचे असतात. ते जमत नाही. मग धाप लागते, मान आणखी वर जाते, पाय खाली जातात, आणि आपल्याला वाटतं की आपल्यात दमच नाही. खरं तर सोडायचा श्वास पाण्यातच सोडायचा असतो. बुडबुडे काढत, सावकाश, नाकातोंडातून. आमच्या सरांनी पहिले सहा दिवस दुसरं काही करूच दिलं नाही. कठडा धरायचा, तोंड पाण्यात, बुडबुडे, मान वळवून श्वास, परत तोंड पाण्यात. तिशी-चाळिशीतली आठ-दहा माणसं ओळीनं कठडा धरून बुडबुडे काढतायत आणि शेजारच्या लेनमधून आठ वर्षांचं पोर माशासारखं निघून जातंय! त्या ओळीत कोण मॅनेजर आणि कोण क्लार्क हे कळायला काही मार्गच नसतो. मला वाटतं, आमच्या मैत्रीचा पाया तिथंच पडला. एकमेकांना आम्ही सगळ्यात आधी घाबरलेलं बघितलं.

वयाचा विषय निघाला म्हणून सांगते. इंग्लिश खाडी पोहून जाणारे पहिले भारतीय मिहिर सेन. वर्ष १९५८, तारीख २७ सप्टेंबर. हा माणूस इंग्लंडला गेला होता बॅरिस्टर व्हायला. खाडी पोहायचं वेड डोक्यात घेतलं ते तिथं गेल्यावर. आधीचे प्रयत्न फसले, तरी सोडलं नाही, आणि पार झाले तेव्हा वय होतं सत्तावीस. पुढच्याच वर्षी आरती साहा खाडी पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. त्यांचाही आधीचा प्रयत्न फसला होता. आणि आपल्या पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ साली ‘ओशन्स सेव्हन’ पुरं केलं. जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या, आणि त्या सगळ्या पोहून जाणारा तो पहिला आशियाई. ही फार मोठी माणसं. आपण त्यांच्या पंगतीला बसणार नाही. पण सेन यांची गोष्ट मला आवडते ती एवढ्यासाठी, की पोहणं हे लहानपणी राहून गेलं म्हणजे संपलं, असं नसतं.

आता बॅचबद्दल. पुण्यात डेक्कनचा टिळक तलाव, मुंबईत शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव, अशा जुन्या तलावांवर तुम्ही कधी सकाळी गेलात तर दिसेल, तिथं वर्षानुवर्षं एकाच वेळेला येणारी मंडळी असतात. त्यांचे आपापले नियम असतात. आधी शॉवर, मग पाणी. टोपीशिवाय उतरायचं नाही. लेनमध्ये एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं. मागचा वेगानं येत असेल तर तो पायाच्या तळव्याला बोट लावतो. मग कठड्यापाशी थांबून त्याला पुढं सोडायचं, राग मानायचा नाही. ही शिस्त कुठं लिहिलेली नसते. कुणीतरी काका नाहीतर मावशी पहिल्या आठवड्यात सांगतात, आणि पुढच्या वर्षी तुम्ही नव्या माणसाला सांगता.

आमच्या बॅचमध्ये मला दोन वर्षं अर्ध्या लोकांची आडनावं माहीत नव्हती. पण कोण डावीकडेच श्वास घेतं, कुणाचा उजवा खांदा दुखतो, कोण शेवटच्या चार लॅप्स मोजायला चुकतं, हे सगळं पाठ. पंचवीस मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे चाळीस लॅप्स. एवढा वेळ तुम्ही कुणाशीही बोलू शकत नाही. फोन नाही, ऑफिसचा मेसेज नाही, मीटिंगचं निमंत्रण नाही. आणि तासाभराच्या या मुक्या सोबतीनंतर बाहेर टपरीवर चहा घेताना माणसं जे बोलतात, ते सरळ बोलतात. केस ओले, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ, अंगाला क्लोरीनचा वास. अशा अवतारात कुणी मोठेपणा करत नाही.

बायकांसाठी हे सगळं थोडं अवघड असतं, तेही बोलायला हवं. पहिला प्रश्न पोहण्याचा नसतोच, कॉस्च्यूमचा असतो. चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंतची ती वीस पावलं! आमच्या इथं कित्येकजणी टॉवेल गुंडाळून कठड्यापर्यंत येतात आणि पाण्यात उतरता उतरता टॉवेल मागे ठेवतात. गुडघ्यापर्यंतचे, पूर्ण बाह्यांचे कॉस्च्यूम आता सहज मिळतात, त्यात कमीपणा काही नाही. केसांना टोपीआधी थोडं खोबरेल लावलं तर क्लोरीननं कमी राठ होतात. पाळीच्या दिवसांत काय करायचं, कप वापरायचा की टॅम्पॉन, हे मला इंटरनेटनं नाही, महिलांच्या बॅचमधल्या एका ताईंनी सांगितलं. बँकेत नोकरी, वय सेहेचाळीस, दोन मुलं कॉलेजात. त्यांना मी ताईच म्हणते. त्यांच्याबद्दल पुढे सांगणार आहे.

आता समुद्र. तलावात वर्षभर झालं, दीड किलोमीटर न थांबता जमायला लागलं, की बॅचमधलं कुणीतरी मालवणचा विषय काढतंच. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा असते. पाचशे मीटरपासून दहा किलोमीटरपर्यंत वेगवेगळी अंतरं, आणि गट लहान पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत. आमच्यातले बहुतेकजण तिथं नंबर काढायला जात नाहीत. एक किलोमीटर पुरं करायचं, पाण्याबाहेर यायचं, घावणे-चटणी खायची.

तलावातून समुद्रात गेलं की पहिला धक्का बसतो तो खाली बघितल्यावर. तलावाच्या तळाला काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवली की सरळ जाता येतं. समुद्रात खाली नुसता हिरवट अंधार. मग दर आठ-दहा हातांमागे डोळे पाण्याच्या जरा वर काढून बघायचं. मगरीसारखे, फक्त डोळे. पुढची बोया नाहीतर किनाऱ्यावरचं एखादं झाड, घर, अशी खूण पकडायची. ते केलं नाही तर एक किलोमीटरचं सव्वा कधी होतं कळत नाही. दुसरी गोष्ट, मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे अंग जास्त वर तरंगतं. तलावात ज्यांचे पाय खाली जातात, ते समुद्रात खूश होतात. पण तेच मीठ मानेला आणि काखेत घासून सोलवटून काढतं, म्हणून उतरण्याआधी व्हॅसलीन थापायचं.

आणि मग भरती-ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब माहिताय? तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. त्याचाच हा तोंडी हिशेब. मी दिवसभर कोड लिहिते, पण एवढं सुटसुटीत सूत्र क्वचित बघितलंय. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी त्यामानानं शांत. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. जून-जुलैत मासेमारीच बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावर होड्या बाहेर पडतात. जे होडी घेऊन जात नाहीत तिथं आपण उघड्या अंगानं जायचं नाही, एवढं साधं आहे.

पण समुद्राचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच आहे. एकटं पोहायचं नाही. कितीही चांगलं येत असलं तरी नाही. बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं असताना ओरडायला श्वासच नसतो. माणूस गुपचूप खाली जातो, आणि दहा हातांवरच्यालाही कळत नाही. म्हणून जोड्या लावायच्या. जोडीतल्या दोघांनी दर काही हातांनी एकमेकांना बघायचं. कमरेला पट्ट्यानं बांधलेला नारिंगी फुगा ओढत न्यायचा, म्हणजे होडीवाल्याला लांबून दिसतो. वेग ठरवायचा तो दोघांतल्या सावकाश माणसाचा.

हे शेवटचं वाक्य मी आमच्या काकांकडून शिकले. वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षक, लहानपणी सांगलीकडच्या विहिरीत शिकलेले. आमच्या गटाला समुद्रावर पहिल्यांदा घेऊन गेले ते हेच. काकांचं पोहणं बघण्यासारखं. पाणी उडत नाही, आवाज होत नाही, माणूस पुढं सरकत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, काही महिन्यांनी तलावात सावकाश पोहायला परवानगी दिली, पण समुद्र बंद म्हणाले. कायमचा.

आम्हाला वाटलं, आता काका मालवणला येणार नाहीत. कुणाची विचारायची हिंमत होईना. विचारून दुखवायचं की न विचारून, असा पेच. शेवटी चहा पिताना काकाच म्हणाले, “गाडीत माझी पुढची सीट ठेवा. मला मागं ढवळतं.” आले. आणि किनाऱ्यावर एक खुर्ची टाकून, डोक्याला उपरणं गुंडाळून, हातात वही घेऊन बसले. सरावाला आम्ही चौदाजण उतरलो तर वहीत चौदा आकडे. कुणाची टोपी कुठल्या रंगाची, कुणाची जोडी कुणाबरोबर. दर दोन मिनिटांनी डोकी मोजायची. वर्गात हजेरी घ्यायचे तशी. एकजण परत येताना भलतीकडे किनाऱ्याला लागला आणि तिथंच बसून राहिला, तेव्हा काका बरोबर साडेतीन मिनिटांत उठून शिट्टी वाजवत होते, “अकरा नंबर कुठाय?” मला विचाराल तर त्या दिवशी पाण्यातल्या चौदाजणांपेक्षा ते जास्त दमले होते. संध्याकाळी आम्ही सगळे हसत-खिदळत जेवत होतो आणि काका एकटेच पाण्याकडे बघत बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. काय बोलायचं असतं अशा वेळी? मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “उद्या हिरव्या टोप्या घालू नका गं कुणी. पाण्यात दिसत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. माझी जोडी ताईंबरोबर. आता ताईंबद्दल. त्यांनी आम्हाला दीड वर्ष सांगितलं नव्हतं, आणि मग एकदा चहा पिताना सहज सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांचा थोरला भाऊ गावच्या विहिरीत गेला. बारा वर्षांचा होता, पोहता येत होतं, दुपारी एकटाच गेला होता. त्यानंतर आईनं घरातल्या एकाही मुलाला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. सहलीला नाही, नदीला नाही, गणपती विसर्जनालासुद्धा घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं. ताई चव्वेचाळिसाव्या वर्षी तलावावर आल्या, ते घरात फक्त नवऱ्याला आणि मुलांना माहीत. आईला सांगितलं होतं, सकाळी योगाला जाते.

तर चिवला बीच. सकाळची वेळ, पाणी शांत दिसत होतं. दंडावर मार्करनं नंबर लिहिलेले, बाजूला होड्या, जीवरक्षक. एक किलोमीटरमध्ये शेवटची बोया वळून परत यायचं. जाताना सगळं सुरळीत. वळल्यावर ओढ लागली. घाबरण्यासारखी नाही, पण पन्नास हात मारावे आणि किनाऱ्यावरचा तोच माड तिथंच असावा अशी. माझ्या शेजारी ताईंची पिवळी टोपी होती, ती थांबली. त्या उभ्यानं पाणी मारत होत्या, डोळे मोठे झालेले. मी फुगा पुढं केला, म्हटलं धरा. त्यांनी धरला. आम्ही दोघी तिथं तरंगत राहिलो. आजूबाजूनं लोक चालले होते. होडीवाल्यानं लांबून हात केला, यायचं का? मी ताईंकडे बघितलं. होडीत बसणं म्हणजे काही हार नाही, हे आमच्या गटात पक्कं ठरलेलं आहे, आणि मी तसं बोललेही. त्या काही बोलल्या नाहीत. तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे काढले. पहिल्या आठवड्यात कठड्याला धरून काढायचो तसे. दहा-बारा वेळा. मग होडीवाल्याला नको म्हणून हात केला, फुगा सोडला आणि निघाल्या. मी त्यांच्या वेगानं शेजारून. एक किलोमीटरला आम्हाला एकेचाळीस मिनिटं लागली. काकांनी वहीत दोन टिका केल्या.

दुपारी ताईंनी आईला फोन लावला. मी समोरच होते. आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. ताईंनी सरळ सांगितलं, आई, मी आज समुद्रात पोहले. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. ताईंचा चेहरा मला बघवेना. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. आजींनी विचारलं, “तू होतीस का तिच्याबरोबर?” म्हटलं, हो आजी, पूर्ण वेळ. “बाजूला होतीस, का मागं?” म्हटलं, बाजूला. “आणि काठावर कुणी होतं?” मी काकांबद्दल सांगितलं, वहीबद्दल सांगितलं, होड्यांबद्दल सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “दे तिला फोन.” पुढं मायलेकी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, बाहेर गेले. एवढं माहितीय, की आता ताई घरी सांगून येतात. आणि दर रविवारी आजी फोनवर विचारतात, आज कितीजण होता.

तर मंडळी, हे ऐकून कुणाला शिकावंसं वाटलं, तर चार गोष्टी. एक, महापालिकेच्या तलावांची फी खाजगी क्लबांच्या मानानं बरीच कमी असते, आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ते आधी काढून ठेवा. दोन, यूट्यूब बघून शिकू नका, शिकवणारा माणूस काठावर हवा. तीन, धरणाचं पाणी, खाणीतले तलाव, अनोळखी डोह यांच्या वाटेला जाऊ नका. तिथं खोली एकदम वाढते, खाली गाळ आणि झाडोरा असतो. समुद्रात कधी ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडा. चार, कुणी बुडताना दिसलं तर आपण उडी टाकायची नाही. दोरी, ओढणी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका आणि मदतीला हाका मारा.

आणि तुम्ही आधीच पोहत असाल, तर उद्या सकाळी शेजारच्या लेनमधल्या माणसाला नाव विचारा. आडनाव नंतर कळेल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाकडे विहिरीत पोहायला कसं शिकवायचे, डबा बांधून की भोपळा, की आणखी काही, ते मला नक्की कळवा. जमलं तर पुढे त्यावरच एक भाग करू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.